विकिरणित अन्नद्रव्ये : कायदा, शास्त्र आणि वैद्याची जबाबदारी

सुंठ, मिरे, पिंपळी, हळद, धने, जिरे, ओवा ही द्रव्ये एकाच वेळी गृहिणीच्या मसाल्याच्या डब्यात आणि वैद्याच्या औषधालयात असतात. त्यांची शुद्धता हा विषय त्यामुळे केवळ अन्न निरीक्षकाचा राहत नाही, तो चिकित्सकाचाही होतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे येणारे रुग्ण एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत : "वैद्यबुवा, पाकिटावर हिरवे गोल चिन्ह आहे आणि किरणांनी प्रक्रिया केली असे छापले आहे. हे खावे का?" आंब्याच्या हंगामात हाच प्रश्न हापूसविषयी विचारला जातो. या प्रश्नास "काही होत नाही, खा" असे उत्तर देणे सोपे आहे आणि "मुळीच खाऊ नका" असे उत्तर देणे त्याहून सोपे आहे. परंतु यांपैकी कोणतेही उत्तर देण्यापूर्वी ही प्रक्रिया काय आहे, ती कोणत्या कायद्याखाली चालते आणि आपल्या शास्त्राच्या चौकटीत तिचा विचार कसा करावयाचा, हे माहीत असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या तिन्ही बाजूंचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचाही नाही. मसाल्यांवर विकिरण प्रक्रिया करणारे अणुऊर्जा विभागाचे संयंत्र ठाणे जिल्ह्यातच, वाशी येथे, सन २००० पासून कार्यरत आहे. विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ म्हणजेच 'ब्रिट' ही संस्था ते चालविते. मुंबईचा मसाल्यांचा घाऊक बाजारही वाशीलाच आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील किराणा दुकानांत व काष्ठौषधींच्या दुकानांत येणारा बराचसा माल याच बाजारातून येतो.

विकिरण म्हणजे काय?

कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्यापासून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या मार्गात बंद पेट्यांतील अन्न ठराविक काळ ठेवणे, एवढीच ही प्रक्रिया आहे. अन्नाचा कोबाल्टशी प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. काम नसताना कोबाल्टच्या कांड्या खोल पाण्याच्या टाकीत उतरविल्या जातात आणि प्रक्रियेच्या वेळी जाड काँक्रीटच्या भिंती असलेल्या दालनात वर घेतल्या जातात. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे असल्यामुळे काही काळाने नव्या कांड्यांची भर घालावी लागते.

अन्नाने शोषलेली ऊर्जा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो द्रव्याने एक ज्यूल ऊर्जा शोषली म्हणजे एक ग्रे, आणि एक हजार ग्रे म्हणजे एक किलोग्रे. दहा किलोग्रे ही मात्रा मोठी वाटते. तथापि एवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान केवळ सुमारे २.४ अंश सेल्सिअसने वाढते. म्हणूनच हिला शीत प्रक्रिया म्हणतात. हिंगासारखे उडून जाणाऱ्या गंधाचे द्रव्य वाफेवर तापविले तर त्याचा गंध कमी होतो. विकिरणात हा दोष बराच टळतो.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. किरणांच्या मार्गातून गेलेले अन्न स्वतः किरणोत्सारी होत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा (१.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) अन्नातील अणूंची केंद्रके किरणोत्सारी करण्यास पुरेशी नसते. क्ष-किरण चित्र काढल्यावर रुग्णाच्या शरीरातून किरण निघत नाहीत, तसेच हे आहे. आपण जखमेवर वापरतो ती निर्जंतुक गॉज, शिवण्याचे धागे यांसारखी साधने तुर्भे येथील 'आयसोमेड' संयंत्रात १९७४ पासून याच किरणांनी निर्जंतुक केली जात आहेत. त्यांच्याविषयी आपण कधी शंका घेतली नाही. अर्थात गॉज पोटात जात नाही आणि अन्न पोटात जाते. म्हणून अन्नाच्या बाबतीत अधिक कसून विचार होणे योग्यच आहे.

भारतातील वाटचाल

विकिरणित अन्नास परवानगी देण्याचा निर्णय आपल्या देशात सहजासहजी झाला नाही. १९७५ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी कुपोषित बालकांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच-पाच बालकांच्या तीन गटांना वेगवेगळा गहू देण्यात आला होता. नुकत्याच विकिरणित केलेल्या गव्हाच्या गटात रक्तातील लसिकापेशींत गुणसूत्रांची संख्या वाढलेल्या पेशी आढळल्या, तर साठवून ठेवलेल्या विकिरणित गव्हाच्या गटात हा परिणाम तेवढा दिसला नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना आपल्या प्रयोगांत असे काहीच आढळले नव्हते. दोन सरकारी संस्थांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध ठरल्यामुळे केंद्र सरकारने डॉ. पी. सी. केशवन आणि डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्याकडे हे प्रकरण सोपविले. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. उपलब्ध माहिती पोषण संस्थेच्या निष्कर्षास पुरेसा आधार देत नाही, असे मत या समितीने १९७६ मध्ये दिले.

पुढे १९८० मध्ये अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सरासरी १० किलोग्रेपर्यंत विकिरणित केलेल्या कोणत्याही अन्नापासून विषबाधेचा धोका नाही, असा निर्वाळा दिला. त्याच्या आधारे १९८३ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने आपले मानक तयार केले. भारतात १९९१ मध्ये अणुऊर्जा कायद्याखाली अन्नविकिरणाचे नियम झाले आणि १९९४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन कांदा, बटाटा व मसाले यांच्या विकिरणास देशांतर्गत विक्रीसाठी परवानगी मिळाली. म्हणजे १९७५ च्या वादापासून परवानगीपर्यंत जवळजवळ वीस वर्षे गेली. हा विलंब काहींना अनावश्यक वाटतो. परंतु बालकांच्या आहाराविषयी शंका उपस्थित झाल्यावर ती फेटाळण्यापूर्वी तपासली गेली, ही गोष्ट नियमनाच्या दृष्टीने चांगलीच म्हटली पाहिजे.

नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे कांद्यासाठी 'कृषक' अर्थात कृषी उत्पादन संरक्षण केंद्र उभे राहिले. त्याला पुढे प्रसिद्धी मिळाली ती मात्र आंब्यामुळे. आंब्याच्या कोयीत लपणाऱ्या किडीच्या भीतीने अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. किमान ४०० ग्रे मात्रेच्या विकिरणाची अट मान्य झाल्यावर २००७ मध्ये ही बंदी उठली आणि पहिला आंबा लासलगावहून प्रक्रिया होऊन गेला. आता महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे केंद्र वाशी येथेही आहे.

कायद्याची रचना

आज विकिरणित अन्नावर दोन स्वतंत्र कायद्यांचा अंमल आहे.

पहिला अणुऊर्जा कायदा, १९६२. या कायद्याखालील २०१२ च्या नियमांनुसार विकिरण केंद्र चालविण्यास परवाना लागतो. इमारतीची सुरक्षा, चालकांची पात्रता, प्रत्येक खेपेतील मात्रेची मोजणी व तिची नोंद यांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे.

दुसरा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. तो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा रद्द झाला. या कायद्याचे कलम २२ आपण सर्वांनी वाचावे असे आहे. नवान्न (म्हणजे पूर्वी आहारात नसलेले अन्न), जनुकीय बदल केलेले अन्न, विकिरणित अन्न, सेंद्रिय अन्न, आरोग्यपूरके आणि न्यूट्रास्युटिकल्स या सर्वांना त्यात एकत्र घेतले आहे आणि नियमांनी परवानगी दिल्याखेरीज यांपैकी कशाचेही उत्पादन वा विक्री करता येणार नाही, असे म्हटले आहे. याचा अर्थ असा की, सामान्य अन्नाच्या बाबतीत जे निषिद्ध नाही ते विकता येते, तर या कलमातील अन्नाच्या बाबतीत ज्यास परवानगी आहे तेवढेच विकता येते. नवीन तंत्रज्ञानाच्या बाबतीत कायद्याने पुराव्याचा भार उत्पादकावर टाकला आहे, हे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे.

२०१२ च्या अणुऊर्जा नियमांत व २०१६ मध्ये अन्नसुरक्षेच्या नियमांतही प्रत्येक पदार्थाची वेगळी यादी देण्याऐवजी अन्नाचे आठ वर्ग केले गेले. आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या मर्यादा अशा :

(१) कांदा, बटाटा, आले, लसूण यांसारखे कंद : मोड येऊ नयेत म्हणून ०.०२ ते ०.२ किलोग्रे.
(२) ताजी फळे : कीड-नियंत्रणासाठी ०.२ ते १ किलोग्रे.
(३) धान्ये, कडधान्ये, सुका मेवा : कीडनाशासाठी ०.२५ ते १ किलोग्रे.
(४) मसाले, सुक्या वनस्पती व त्यांची उत्पादने : जंतुसंख्या कमी करण्यासाठी ६ ते १४ किलोग्रे.

पेटीच्या बाहेरील भागास अधिक व मध्यभागास कमी मात्रा मिळते. म्हणून मसाल्यांसाठी किमान व कमाल अशी विस्तृत मर्यादा ठेवावी लागते. चौथ्या वर्गातील 'सुक्या वनस्पती' हे शब्द वैद्यांनी विशेष लक्षात घ्यावेत. शिवाय २०१२ च्या नियमांत 'संलग्न उत्पादने' या सदराखाली आयुर्वेदीय वनस्पती व औषधे यांचाही समावेश आहे. अणुऊर्जेच्या कायद्यात आयुर्वेदाचा उल्लेख आहे, ही बाब आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

विकिरणित अन्नाच्या वेष्टनावर हिरव्या रंगातील वर्तुळात फुलासारखी आकृती असलेले 'रॅड्युरा' हे आंतरराष्ट्रीय चिन्ह, प्रक्रिया केल्याचा उल्लेख, परवाना क्रमांक आणि प्रक्रियेची तारीख ही माहिती अपेक्षित असते. रुग्ण ज्याविषयी विचारतात ते हिरवे चिन्ह हेच होय. शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका वेगळा. तो चौकोनात असतो.

औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णास मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो. २०२२ च्या मे महिन्यात 'आयुर्वेद आहार' विनियम प्रसिद्ध झाल्यावर तिसरा वर्ग निर्माण झाला. प्रमाणित ग्रंथांतील कृतीनुसार बनविलेला आहार या वर्गात येतो. त्यात जीवनसत्त्वे वा खनिजे वरून मिसळता येत नाहीत आणि दोन वर्षांखालील बालकांसाठी तो विकता येत नाही. एकच सुंठ किराणा दुकानात मसाला, परवानाधारक कारखान्यात औषध आणि ग्रंथोक्त पाककृतीत आयुर्वेद आहार ठरते. महाराष्ट्रात अन्न व औषध या दोन्ही बाजूंची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. तरी कागदोपत्री हे प्रवाह वेगळे आहेत आणि द्रव्याविषयीची माहिती एका प्रवाहातून दुसऱ्यात जाताना गळून पडण्याची शक्यता असते.

विकिरणाने काय होते आणि काय होत नाही?

योग्य मात्रेने कीड व तिची अंडी नष्ट होतात, बुरशी व बहुतेक जंतू मरतात, साल्मोनेला व इ. कोलाय यांसारखे रोगजंतू नाहीसे होतात. सुंठ, मिरे, हळद ही द्रव्ये जमिनीवर वाळविली जातात आणि पोत्यात महिनोन्‌महिने राहतात. त्यामुळे त्यांत जंतुसंख्या मोठी असू शकते. अशी सुंठ स्वयंपाकात शिजते तेव्हा फारसा प्रश्न येत नाही. परंतु वैद्य त्रिकटू चूर्ण मधातून न शिजवता देतो. क्षीण बल असलेला रुग्ण, वृद्ध, सूतिका आणि बालक यांच्या बाबतीत हा मुद्दा गौण मानता येणार नाही.

आता मर्यादा पाहू. बुरशीने आधीच निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष विकिरणाने जात नाही. बुरशी मरते, विष मागे राहते. शिसे, पारा, आर्सेनिक यांसारखे जड धातू जात नाहीत. कीटकनाशकांचे अवशेषही राहतात. हळदीस पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळले असेल तर विकिरणानंतरही ती हळद विषारीच राहते. म्हणून विकिरण हा स्वच्छतेचा पर्याय होऊ शकत नाही. शेवटचा टप्पा म्हणून ते उपयोगी आहे, आधीच्या टप्प्यांवरील निष्काळजीपणा झाकण्याचे साधन म्हणून घातक आहे.

पोषणाच्या दृष्टीने ब-१, क आणि ई जीवनसत्त्वांत काही घट होते. स्निग्ध पदार्थांना खवट वास येऊ शकतो. म्हणून दूध, तूप यांसाठी ही पद्धत गैरसोयीची आहे. स्निग्धांशापासून अत्यल्प प्रमाणात नवी संयुगेही तयार होतात. त्यांच्यावर युरोपात बराच अभ्यास झाला, परंतु आहारात येणाऱ्या प्रमाणात त्यांपासून मनुष्यास अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. एक उदाहरण मात्र सावधगिरीसाठी सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियात २००८ च्या सुमारास आयात केलेले, ५० किलोग्रेच्या आसपास विकिरणित केलेले खाद्य खाऊन मांजरांना मज्जासंस्थेचा विकार झाला आणि २००९ मध्ये तेथे मांजरांच्या खाद्याच्या विकिरणावर बंदी आली. ही मात्रा मसाल्यांच्या मर्यादेच्या कितीतरी पुढची होती आणि ते खाद्यच त्या प्राण्यांचा मुख्य आहार होते. मसाला आपण ग्रॅममध्ये खातो. तथापि मात्रेची मर्यादा कायद्यात का असावी, याचे उत्तर या घटनेत मिळते. आपल्या शास्त्रातील 'राशी' हा विचार याहून वेगळा नाही.

विकिरण नको, तर दुसरे काय?

विकिरणाचा विचार त्याच्या पर्यायांशी तुलना करूनच केला पाहिजे. मसाल्यातील जंतू कमी करण्याचे आणखी दोन मार्ग प्रचलित आहेत : वाफ आणि इथिलीन ऑक्साइड वायू. वाफ निर्दोष आहे, परंतु तिने सुगंधी द्रव्यांतील तैलांश काही प्रमाणात उडतो आणि चूर्णास ओल लागते. इथिलीन ऑक्साइड स्वस्त व प्रभावी आहे, परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. युरोपीय संघात अन्नासाठी त्याचा वापर निषिद्ध आहे, अमेरिकेत मसाल्यांसाठी ठराविक मर्यादेत चालतो. भारतीय अन्नकायद्याने त्यास परवानगी दिलेली नाही.

२०२० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय तिळात या वायूचे अवशेष सापडले आणि अनेक देशांत त्या तिळापासून बनलेली उत्पादने परत घ्यावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्रास दोन प्रसिद्ध भारतीय मसाला कंपन्यांच्या काही मसाल्यांत हेच अवशेष आढळले आणि सिंगापूरनेही त्यांपैकी एक मसाला परत मागविला. त्यानंतर या दोन ठिकाणी जाणाऱ्या मसाल्यांसाठी भारतीय मसाला मंडळाने तपासणी सक्तीची केली.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, 'विकिरण नको' असे म्हणणाऱ्या ग्राहकास विकिरणरहित मसाला मिळेल, परंतु तो वायुरहित असेलच असे नाही. विकिरणित पाकिटावर निदान चिन्ह तरी असते. चोरून वापरलेल्या वायूचे चिन्ह कोणी छापत नाही. रुग्णाला सल्ला देताना ही तुलना विसरली तर आपण त्यास कमी धोक्याकडून अधिक धोक्याकडे पाठवू.

आयुर्वेदाची दृष्टी

चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांतील 'करण' म्हणजे संस्कार. संस्काराने द्रव्यात नव्या गुणाचे आधान होते, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. जल, अग्नी, मंथन, भावना, काल, पात्र ही संस्काराची साधने तेथे दिली आहेत. साळीपासून केलेल्या लाह्या लघू होतात, हे सर्वांस परिचित उदाहरण आहे.

विकिरण हा संस्कार आहे काय? केवळ 'हे नवीन आहे, ग्रंथात नाही' असे म्हणून त्यास बाहेर ठेवणे शास्त्रास धरून होणार नाही, कारण संस्काराची व्याख्या साधनांच्या यादीवर नव्हे तर गुणांतरावर आधारलेली आहे. विचारावयाचा प्रश्न असा की, विकिरणाने द्रव्याच्या गुण, वीर्य वा प्रभावात बदल होतो काय? प्रयोगशाळेत पिंपळीतील पिपेरीन किंवा हळदीतील कर्क्युमिन मोजता येते आणि मसाल्यांसाठीच्या मात्रेत त्यांत मोठा फरक पडत नाही, असे सर्वसाधारणपणे आढळते. परंतु एका घटकाचे प्रमाण म्हणजे द्रव्याचे वीर्य नव्हे, हे आपण इतर वेळी आग्रहाने सांगतो. ते येथेही सांगितले पाहिजे. मोड न येणारा कांदा आणि मोड येणारा कांदा यांच्या गुणांत काही अंतर आहे काय, या प्रश्नाचे उत्तर पिपेरीनच्या मोजणीत मिळणार नाही. ते वैद्याच्या निरीक्षणातून व शिस्तबद्ध अभ्यासातून मिळावयाचे आहे.

दुसरी एक गोष्ट. औषधी द्रव्ये सामान्यतः नवीन वापरावीत, परंतु विडंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप व मध ही जुनी असावीत, असा शार्ङ्गधरांचा संकेत आहे. म्हणजे काही द्रव्ये दीर्घकाळ साठविणे शास्त्रासच अपेक्षित आहे. साठवण आली की कीड व बुरशी यांचा प्रश्न आला. सुश्रुतसंहितेत औषधी द्रव्ये वस्त्रात, मृद्भांडात, फळीवर किंवा खुंटीवर ठेवावीत, अशी व्यवस्था सांगितली आहे. द्रव्य जमिनीवर पडू नये, त्यास ओल लागू नये, वारा मिळावा, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर या काळात हा हेतू सांभाळणे कठीण जाते, हा सर्वांचा अनुभव आहे. जंतूंची चिंता आपल्या आचार्यांना नव्हती असे समजण्याचे कारण नाही. तिचे उत्तर त्यांनी त्यांच्या साधनांनी दिले.

नियमनातील उणीव कोठे आहे?

वरील रचनेकडे पाहता कायद्याने तीन प्रश्न हाताळले आहेत : केंद्र कोणी चालवावे, मात्रा किती द्यावी आणि ग्राहकास कसे कळवावे. पहिल्या दोन प्रश्नांची व्यवस्था बऱ्यापैकी भक्कम आहे. तिसरी दुबळी आहे.

पहिले कारण, चिन्ह वेष्टनावर असते. पोते फोडून सुंठ सुटी विकली, किंवा ती दुसऱ्या मिश्रणात गेली, की माहिती तेथेच थांबते. विकिरणित घटक दुसऱ्या अन्नात वापरला तर घटकांच्या यादीत त्याचा उल्लेख व्हावा, असे कोडेक्सचे लेबलविषयक मानक सांगते. परंतु ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या बाजारात किलोभर मिरे घेणाऱ्यास हे मानक काय उपयोगाचे? दुसरे कारण, चिन्हाचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक आहे. जे चिन्ह वाचता येत नाही, ते असून नसल्यासारखे. तिसरे कारण, चिन्ह नसलेल्या मालाची तपासणी. द्रव्यावर विकिरण झाले आहे काय, हे ओळखण्याच्या पद्धती आहेत. मसाल्यास चिकटलेल्या धुळीच्या सूक्ष्म कणांत किरणांची ऊर्जा साठून राहते आणि तापविल्यावर ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. त्यावरून निदान होते. परंतु अशी तपासणी नेहमीच्या अन्नप्रयोगशाळेचे काम नव्हे.

निर्यातीच्या बाबतीत चित्र निराळे आहे. अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यावरील प्रक्रियेस त्या देशाच्या कृषी विभागाचा निरीक्षक उपस्थित असावा लागतो. करोनाच्या काळात निरीक्षक येऊ न शकल्याने २०२० व २०२१ या दोन हंगामांत ही निर्यात बंद राहिली. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा कागदपत्रांतील त्रुटींमुळे अमेरिकेतील विमानतळांवर नाकारल्या गेल्या आणि निर्यातदारांना तो आंबा तेथेच नष्ट करावा लागला. लॉस एंजेलिसच्या ग्राहकासाठी एका प्रपत्रातील चूक पुरेशी ठरते. डोंबिवलीच्या ग्राहकास मात्र हातातील हळदीवर कोणती प्रक्रिया झाली हे विचारूनही कळत नाही. हे अंतर कमी करणे हा नियमनापुढील खरा प्रश्न आहे.

या संदर्भात बीटी वांग्याची आठवण होते. जालन्याच्या कंपनीने विकसित केलेल्या या वाणास नियामक समितीने २००९ मध्ये अनुकूलता दर्शविली. तरी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास स्थगिती दिली. निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, खाणाऱ्यांना विचारले गेले. विकिरणाच्या बाबतीत वाद शास्त्रज्ञांत झाला व त्यांच्यातच मिटला. खाणाऱ्यापर्यंत केवळ चिन्ह पोचले.

वैद्यांनी काय करावे?

(१) कच्ची द्रव्ये घेताना पुरवठादारास तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : माल कोणत्या हंगामाचा आहे, त्यावर वाफ, वायू वा विकिरण यांपैकी कोणती प्रक्रिया झाली आहे, आणि विकिरण झाले असल्यास प्रमाणपत्र आहे काय.

(२) स्वतःच्या औषधालयात खेपनिहाय नोंदवही ठेवावी. एखाद्या खेपेच्या चूर्णाने अपेक्षित गुण आला नाही वा उपद्रव झाला, तर शोध घेण्याचे साधन हाताशी राहते.

(३) विकिरणित माल आहे म्हणून जड धातू व अफ्लाटॉक्सिन यांची तपासणी टाळू नये. आयुर्वेदीय औषधकोशानुसार वनस्पतिज औषधांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष या मर्यादा आहेत. विकिरणाचा या आकड्यांवर काहीही परिणाम होत नाही.

(४) रुग्णाने विचारल्यास स्पष्ट सांगावे : परवानाप्राप्त केंद्रातील, चिन्हांकित विकिरणित मसाला किंवा आंबा खाण्यास हरकत नाही. त्याने अन्न किरणोत्सारी होत नाही. मात्र ताजे व स्वच्छ द्रव्य जवळ उपलब्ध असताना केवळ दीर्घकाळ टिकते म्हणून विकिरणित द्रव्य निवडण्याचेही कारण नाही. घरी आणलेले मिरे, धने निवडून, उन्हात वाळवून, लागतील तेवढेच कुटावेत.

(५) आपल्या संघटनेने दोन कामे हाती घ्यावीत. विकिरणित वनस्पती औषधात वापरल्यास त्याचा उल्लेख औषधाच्या लेबलवरही व्हावा, अशी लेखी मागणी अन्न व औषध प्रशासन आणि आयुष मंत्रालय यांच्याकडे करावी. तसेच पिंपळी, सुंठ व विडंग यांच्या विकिरणित आणि अविकिरणित नमुन्यांचा तुलनात्मक अभ्यास आयुर्वेद महाविद्यालयांच्या द्रव्यगुण विभागांनी पदव्युत्तर प्रबंधांचा विषय म्हणून घ्यावा, असा प्रस्ताव पाठवावा. जिल्ह्यातच विकिरण केंद्र असल्याने नमुने मिळविणे आपणांस इतरांपेक्षा सोपे आहे.

नवीन तंत्रज्ञानापुढे वैद्यकीय समाजाच्या दोन प्रतिक्रिया नेहमी दिसतात. एक वर्ग प्रत्येक नव्या गोष्टीस विष मानतो, दुसरा प्रत्येक सरकारी शिक्क्यास प्रमाण मानतो. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी परीक्षेची साधने ज्या शास्त्राने दिली, त्याच्या अभ्यासकांना या दोहोंपैकी कोणत्याही वर्गात बसणे शोभत नाही. विकिरणाच्या बाबतीत आप्तवचन उपलब्ध आहे, अनुमानही बरेच झाले आहे. औषधी द्रव्यांच्या संदर्भात प्रत्यक्ष मात्र अपुरे आहे, आणि ते पूर्ण करणे हे आपले काम आहे. तोपर्यंत रुग्णास खरी माहिती मिळावी यासाठी आग्रह धरणे, एवढे तरी आपण सर्वांनी करावे.